उष्णतेचं प्रायश्चित्त

भागवताच्या नवव्या स्कंधात गंगा भगीरथाला एक अडचणीचा प्रश्न विचारते. मी पृथ्वीवर उतरले की माणसं आपली पापं माझ्यात धुतील. मग ती पापं मी कुठे धुवायची? भगीरथ उत्तर देतो, पण त्याकडे नंतर येऊ. आधी प्रश्न नीट ऐकण्यासारखा आहे. पाप पाण्यात पडलं की विरघळून संपलं, असं गंगा मुळीच समजत नाही. तिचा हिशेब रोखठोक आहे. एकाच्या अंगावरून निघालं ते दुसऱ्याच्या अंगावर आलं.

मी नाशिकला पंचवटीत राहते आणि बिल्डर लोकांसाठी थ्रीडी रेंडरिंगचं काम करते. न बांधलेल्या इमारती बांधून झाल्यासारख्या दाखवायच्या, त्यांच्या गॅलऱ्यांत न लावलेल्या बोगनवेली फुलवायच्या, हा माझा धंदा. गोदावरीवरचं रामकुंड घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मामा त्र्यंबकेश्वरला पौरोहित्य करतो. पाप, प्रायश्चित्त, तीर्थस्नान हे शब्द त्यामुळे लहानपणापासून कानांवरचे. तरी गंगेच्या त्या प्रश्नाची धार मला जाणवली ती कॉम्प्युटरच्या कॅबिनेटची काच काढून, मोजपट्टी घेऊन जमिनीवर बसले होते तेव्हा.

कार्ड होतं आरटीएक्स ४०९०, आसूसचं रॉग स्ट्रिक्स. लांबी ३५७.६ मिलिमीटर, जाडी ७०. चौदा इंचांचं हे धूड मदरबोर्डवर आडवं बसवायचं. प्रोसेसरसाठी लिक्विड कूलर, त्याचा रेडिएटर तीन पंख्यांचा, ३६०चा. कॅबिनेटच्या खोक्यावर ‘४०० मिलिमीटरपर्यंतचं कार्ड बसतं’ असं छापलेलं. बसतं, पण पुढची बाजू मोकळी असली तर. रेडिएटरची जाडी २७ आणि त्याला जोडायच्या पंख्यांची २५. चारशेतून बावन्न गेले, उरले ३४८. कार्डाला आणखी साडेनऊ मिलिमीटर हवे होते आणि पत्रा काही ताणला जात नाही.

जुळणी करायला कॅनडा कॉर्नरच्या दुकानातला मुलगा आला होता. तो म्हणाला, “ताई, पंखे फ्रेमच्या बाहेरून लावू, रेडिएटर आतून. पंचवीस वाचतील.” फ्रेम आणि पुढची जाळी यांच्यामध्ये पोकळी होती, तिथे पंखे गेले. आता कार्डासाठी ३७३ मिलिमीटर मिळत होते. जागेचा प्रश्न मिटला असं मला वाटलं, तर हा पठ्ठ्या स्क्रू आवळायच्या आधी थांबला. म्हणाला, “नाहीतर रेडिएटर वर छताला लावू. रॅमला घासतो का तेवढं बघावं लागेल. पण गरम कुणाला करायचं, ते तुम्ही सांगा.”

रेडिएटर पुढे लावला तर बाहेरची गार हवा आधी त्याच्यातून जाते. प्रोसेसर खूश. पण तीच हवा तापून आत शिरते आणि ग्राफिक्स कार्डाला तेवढीच मिळते. रेडिएटर वर लावला तर कार्डाला पुढून ताजी हवा मिळते, पण कार्डाचे पंखे आपली सगळी उष्णता कॅबिनेटमध्येच सोडतात. ती वर चढून रेडिएटरमधून बाहेर जाते आणि प्रोसेसर कुरकुरतो. दोघांनाही गार ठेवणारी जागा त्या पेटीत नाही. एकाला सुख द्यायचं ते दुसऱ्याच्या वाट्यातून. त्या मुलानं एका वाक्यात जे विचारलं, ते नीतिशास्त्राच्या जाड पुस्तकांत शोधावं लागतं.

आता पाणी. लिक्विड कूलर म्हटलं की लोकांना वाटतं, पाणी उष्णता विझवतं. चुलीवर पाणी ओतल्यावर निखारे विझतात, तसं. इथे तसं काही होत नाही. प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा असतो, त्यातून पंप पाणी फिरवतो. मिनिटाला लिटरभर पाणी फिरलं आणि त्यानं २०० वॅट उष्णता उचलली, तर पाणी जेमतेम ३ अंशांनी तापतं. ते रेडिएटरमध्ये जातं, पातळ पत्र्यांना उष्णता देतं, पंखे ती हवेला देतात, आणि पाणी परत येतं. आणलेलं दिलं आणि मोकळं झालं. पाण्यात काहीही मुरत नाही, संपत नाही. तर्कसंग्रहकार अन्नंभट्टांनी सतराव्या शतकात लिहून ठेवलंय की पाण्याचा स्पर्श शीतच. गरम पाण्यातली उष्णता ही त्यात शिरलेल्या तेजाची, पाण्याची नव्हे. आजचं भौतिकशास्त्र तेजाचे कण मानत नाही. पण पाण्याकडे हमालाचं काम आहे, मालकी दुसऱ्याची आहे, एवढं त्या नैयायिकाला बरोबर दिसलं होतं.

हमाल माल कुठे टाकतो, तेही पाहू. कार्ड पूर्ण ताकदीनं चाललं तर ४५० वॅट घेतं. प्रोसेसर आणि बाकी सगळं धरून सातशेच्या आसपास. हे सातशे वॅट चित्रात शिरत नाहीत. बोगनवेलीच्या पाकळीवर पडलेलं खोटं ऊन मोजून संपलं की सगळीच्या सगळी वीज उष्णता होऊन खोलीत येते. रात्रभर रेंडर लावला की खोली तापते, म्हणून एसी. एक टनाचा एसी साधारण ३५०० वॅट उष्णता बाहेर काढतो. त्यातला पाचवा हिस्सा माझ्या पेटीचा. एसीही ती मारत नाही. स्वतःच्या कॉम्प्रेसरची भर घालून बाहेर टाकतो. बाहेर म्हणजे कुठे? आमच्या इमारतीत बाहेरचं युनिट शेजारच्या गॅलरीकडे तोंड करून आहे. तिथे एक आजी वाती वळत बसतात. सकाळी भेटल्या की विचारतात, “काय गं, काल रात्रभर चाललं होतं वाटतं तुझं यंत्र?” त्यांना आवाज येत नाही, झळ येते.

साखळी मागच्या टोकालाही आहे. माझ्या घरात येणारी वीज नेमकी कुठल्या केंद्रातली, हे ग्रीडमध्ये शोधता येत नाही. पण एकलहऱ्याचं औष्णिक वीजकेंद्र नाशिकच्या वेशीवरच उभं आहे. कोळसा जाळून मिळालेल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश विजेत येते. उरलेली धुराड्यातून आणि कूलिंग टॉवरच्या वाफेतून निघून जाते. म्हणजे माझ्या खोलीत सातशे वॅट उष्णता येण्याआधी तिच्या दुप्पट उष्णता कुठेतरी हवेत आणि पाण्यात गेलेली असते. गारवा मी विकत घेतला. तापाची पावती दुसऱ्यांच्या नावावर फाटली.

पुराणांत अशा पावत्या फाडल्याची एक जुनी गोष्ट आहे. इंद्रानं विश्वरूपाला मारलं. ब्रह्महत्या लागली. त्यानं ती ओंजळीत घेतली, वर्षभर वागवली, आणि मग वाटून टाकली. तैत्तिरीय संहितेत तीन वाटेकरी आहेत: पृथ्वी, झाडं आणि स्त्रिया. भागवतात चौथं पाणी येतं. प्रत्येकानं वाट्याच्या बदल्यात एकेक वर मागून घेतला. जमिनीच्या वाट्याचं पाप म्हणजे ओसाड खारट माळ, झाडांच्या वाट्याचं म्हणजे डिंक, पाण्याच्या वाट्याचं म्हणजे फेस आणि बुडबुडे. बायकांच्या वाट्याला आलेला भाग म्हणजे मासिक पाळी, असं तिथे लिहिलंय, आणि त्याच्या जोरावर पिढ्यान् पिढ्या बायकांना कोपऱ्यात बसवलं गेलं. हत्या इंद्राची, बाजूला बसायचं आम्ही. तीन पंखे लावून उष्णता चार दिशांना पांगवणारा रेडिएटर पाहताना मला हा इंद्र आठवतो. त्यानं पाप फेडलं नाही, पातळ केलं. इतकं पातळ की कुणाच्या वाट्याला किती आलं, हे विचारण्याचं कारणच उरू नये.

मामाकडे भारतरत्न पां. वा. काणे यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’चा चौथा खंड आहे. १९५३ साली निघालेला. पातक, प्रायश्चित्त, तीर्थयात्रा हे विषय त्याच खंडात आहेत. मी एकदा मामाला सरळच विचारलं, “मामा, कुंडात बुडी मारली की पाप जातं, की नुसतं सरकतं?”

मामा हसला. “अगं, हे विचारणारी तू काही पहिली नाहीस. गौतमाचं धर्मसूत्र काढ. तिथे दोन पक्ष भांडतायत. एक म्हणतो, प्रायश्चित्त करूच नये, कारण केलेलं कर्म झिजत नाही. दुसरा म्हणतो, करावं.”

“मग निकाल?”

“निकाल करावं असाच. नाहीतर आमची चूल कशी पेटणार?” मग जरा गंभीर होऊन म्हणाला, “पण याज्ञवल्क्य वाच. त्यानं फोड केलीय. नकळत घडलेलं पाप प्रायश्चित्तानं जातं. जाणूनबुजून केलेलं असेल तर प्रायश्चित्तानं माणूस व्यवहाराला योग्य होतो. पंक्तीला बसवून घेतात. बस, एवढंच.”

एवढंच, म्हणाला, पण मला यात अख्ख्या प्रश्नाचं उत्तर दिसलं. त्र्यंबकेश्वरचीच कथा घ्या. गौतम ऋषींच्या शेतात शिरलेली गाय दर्भाच्या काडीनं हाकलताना मेली. ती माया होती, बाकीच्या ऋषींनी रचलेली. गौतमांना मारायचं नव्हतं. त्यांनी तप केलं, शंकरानं गंगा ब्रह्मगिरीवर उतरवली, आणि आमची गोदावरी वाहू लागली. नकळत घडलेल्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून जी नदी आली, तिच्यात आपण जाणूनबुजून केलेल्या गोष्टी धुवायला जातो. माझं तर काहीच नकळत नव्हतं. ४५० वॅट हा आकडा कार्ड घ्यायच्या आधीच मी वाचला होता.

रेडिएटर प्रोसेसरला व्यवहाराला योग्य ठेवतो. त्याच्याशिवाय यंत्र काही मिनिटांत आपला वेग आपणच कमी करतं किंवा बंद पडतं. त्याचं काम खरं आहे, मोलाचं आहे. प्रायश्चित्ताचंही तसंच आहे. ज्यानं चूक केली त्याला पुन्हा माणसांत घेण्याची सोय कुठल्याही समाजाला लागते. नाहीतर पहिल्या गुन्ह्यानंतर प्रत्येक जण कायमचा बाहेर राहील. गडबड होते ती पुढे. व्यवहाराला योग्य झालो म्हणजे निर्दोष झालो, अशी आपण समजूत करून घेतो. मॉनिटरवर ६५ अंश दिसले की उष्णताच नव्हती असं वाटू लागतं.

नाशिकमध्ये या प्रश्नावर तीन मतं तीन दिशांना उभी आहेत. पहिलं रामकुंडाचं, ते मामाकडून ऐकलं. पांडवलेणीच्या डोंगरात बौद्ध भिक्खू राहत. त्यांच्या परंपरेतल्या थेरीगाथेत पूर्णिका नावाची दासी आहे, पाणी भरणारी. थंडीत कुडकुडत नदीत बुड्या मारणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की पाण्यानं पाप जात असेल तर बेडूक आणि कासवं सगळी स्वर्गात जातील की नाही? आणि नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही नेईल. मग तुमच्यापाशी उरेल काय? रोज कडाक्याच्या थंडीत घागरी भरणाऱ्या बाईला पाण्याच्या मर्यादा पंडितांपेक्षा जास्त माहीत असणार. आपण कशाचं ओझं वाहतो आहोत, हे पाणी विचारत नाही.

तिसरी दिशा म्हसरूळच्या गजपंथाची, जैनांची. जैन दर्शनात कर्म हे सूक्ष्म द्रव्यच आहे, जिवाला येऊन चिकटणारं. त्यामुळे ते नुसतं माफ होऊ शकत नाही. त्याचा हिशेब जागेवर द्यावा लागतो. आणि क्रम ठरलेला आहे. आधी संवर, म्हणजे आत येणारं थांबवायचं. मग निर्जरा, म्हणजे साचलेलं झडवायचं. क्रम उलटा केला तर झडवणं संपतच नाही. आपली सगळी कूलिंगची बाजारपेठ फक्त निर्जरेची आहे. २०१६ सालचं जीटीएक्स १०८० हे कार्ड १८० वॅटचं होतं. २०२५ सालचं आरटीएक्स ५०९० आहे ५७५ वॅटचं. कार्ड वाढलं म्हणून रेडिएटर वाढला, रेडिएटर वाढला म्हणून कॅबिनेट वाढलं, कॅबिनेट मोठं झालं म्हणून पुढचं कार्ड आणखी मोठं काढायला कंपन्या मोकळ्या झाल्या. मोठं प्रायश्चित्त उपलब्ध आहे म्हटलं की मोठं पाप परवडतं. हे कॅबिनेटपुरतं मर्यादित नाही. नदी स्वच्छ करण्याच्या योजनेचा फलक लागल्यावर नाल्याचं तोंड बंद करण्याची निकड किती उरते, ते गोदाकाठी राहणाऱ्यांना विचारा.

आता भगीरथाचं उत्तर. तो गंगेला म्हणतो, साधू लोक तुझ्यात स्नान करतील आणि त्यांच्या अंगस्पर्शानं तुझ्यातलं पाप जाईल, कारण त्यांच्या ठायी हरी आहे. लहानपणी मला ही पळवाट वाटायची. पाप आणखी एका घरी पाठवलं, झालं. आता तसं वाटत नाही. उष्णता नेहमी जास्त तापलेल्याकडून कमी तापलेल्याकडे जाते. बरोबरीला आली की थांबते. खोली कार्डाइतकी तापली तर जगातला कुठलाही रेडिएटर कार्डाला थंड करू शकत नाही. साखळीत पुढे कुणीतरी असा लागतो ज्याच्यापाशी स्वतःची भर नाही. पृथ्वीच्या बाबतीत ते शेवटचं टोक म्हणजे अंतराळ. दिवसभराचा ताप पृथ्वी अदृश्य किरणांनी तिकडे टाकते, आणि त्या वाटेवर आपण वायूंची गोधडी पसरत चाललो आहोत. पापाच्या बाबतीत ते टोक म्हणजे साधू. जो स्वतः नवं काही निर्माण करत नाही, तोच दुसऱ्याचं घेऊन शांत राहू शकतो. भगीरथानं चमत्कार सांगितला नाही, अट सांगितली.

अडचण इतकीच आहे की साधू दुसऱ्या कुणीतरी व्हावं अशी आपली प्रत्येकाची इच्छा असते. नदीनं व्हावं, झाडांनी व्हावं, शेजारच्या आजींनी व्हावं. आपण मात्र पूर्ण ताकदीनं चालायचं.

मी साधू नाही. रेंडर बंद केले तर घर चालणार नाही. पण मनुस्मृतीत पापातून सुटण्याचे जे मार्ग सांगितलेत, त्यांत पहिला आहे उघड सांगणं. मग अनुताप, आणि पुन्हा न करण्याचा निश्चय. त्या स्मृतीतल्या पुष्कळ गोष्टी मला मान्य नाहीत. हा क्रम मात्र घरच्या घरी पाळता येण्यासारखा आहे. रेडिएटर मी पुढेच लावला. ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये विजेच्या मर्यादेची एक पट्टी असते. ती ओढून ४५० वॅटची ३२० वर आणली. एवढ्यानं प्रत्येक रेंडरला जो जास्तीचा वेळ लागतो, तो क्लायंटला कळतही नाही. शेवटचे शंभर-सव्वाशे वॅट हे कामासाठी नसतातच, ते तपासणीच्या तक्त्यात दोन आकड्यांनी पुढे दिसण्यासाठी असतात. पंख्यांचा आवाज खाली आला. खोली पहिल्यासारखी भट्टी होत नाही. आणि रात्री मोठं काम लावायचं असलं की आजींना संध्याकाळीच सांगते. त्या म्हणतात, “लाव हो, मी आज आत झोपते.” हे त्यांचं मोठेपण, त्यानं माझं बिल माफ होत नाही.

२०२७ साली नाशिकला सिंहस्थाचं स्नान आहे. लाखो लोक गोदावरीत उतरतील. त्यांच्या श्रद्धेची थट्टा करण्याचा मला अधिकार नाही. बुडी मारून बाहेर आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचं समाधान मी रामकुंडावर लहानपणापासून पाहत आले आहे, आणि ते खोटं नसतं. माझा निकाल याज्ञवल्क्याच्या बाजूचा आहे. जाणूनबुजून केलेल्या गोष्टीचं प्रायश्चित्त आपल्याला पुन्हा पंक्तीत बसवतं, तिथपर्यंतच त्याची हद्द. त्यापलीकडचं काम पाण्याचं नाही, आपलं आहे: कमी तापणं, आणि जे तापलं ते कुणाच्या अंगावर जातंय हे माहीत करून घेणं. या उन्हाळ्यात घरी एसी बसवणार असाल तर मेकॅनिक भिंतीला भोक पाडायच्या आधी एकदा गॅलरीत जाऊन बघा, बाहेरच्या युनिटचं तोंड कुणाच्या खिडकीकडे होतंय.